विषयपत्रिका मागून घ्या

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत ठरलेले विषय आटोपले की कधी कधी 'आयत्या वेळचे विषय' पुढे येतात. त्यांची टिपणी आधी कुणाला मिळालेली नसते. सदस्यांनी ती वाचलेली नसते आणि पत्रकारांच्या हातातही ती नसते. सूचक कोण, अनुमोदक कोण हे पुकारले जाते, 'मंजूर, मंजूर' असा गलका होतो आणि मोठ्या खर्चाचा एखादा विषय मार्गी लागतो. ही रीत राज्यातल्या अनेक पालिकांत दिसते, आणि ती कुठल्या एका पक्षाची नाही. एकहाती कारभाराची सवय पुढाऱ्यांना इथे लागते आणि ती खपवून घ्यायची सवय आपल्यालाही इथेच लागते. तोच माणूस पुढे विधानसभेत गेला, संसदेत गेला, की तिथेही त्याला कुणी कागद मागितलेला आवडत नाही.

पनवेल, खारघर, कळंबोली, कामोठे, तळोजा या भागातल्या नागरिकांसाठी, आणि त्यातही दर रविवारी चर्चला जाणाऱ्या माझ्या बंधुभगिनींसाठी हा लेख लिहीत आहे. एकाधिकारी नेतृत्व दिल्लीतले असो, मुंबईतले असो, सोसायटीतले असो की चर्चच्या ऑफिसातले, त्याला आवर घालायचा माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग एकच: कागदावर बोट ठेवून, चिकाटीने, नीट लक्ष देणे. मोर्चे लागतात, निवडणुका तर लागतातच. पण मोर्चात चालणाऱ्यांपैकी कुणीच मूळ कागद वाचलेला नसेल, तर अधिकारी निवेदन स्वीकारतो, फोटो निघतो आणि विषय जिथल्या तिथे राहतो.

चर्चला जाणाऱ्यांचा वेगळा उल्लेख करण्याचे कारण आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात बिरुया गावच्या लोकांची हकिकत आहे. त्यांच्याकडे साक्षात पौल उपदेश करायला आला. त्यांनी तो मनापासून ऐकला, आणि मग हा सांगतो ते खरेच तसे आहे का, हे रोज शास्त्र उघडून तपासले. त्या पुस्तकाचा लेखक लूक त्यांची थोरवी गातो ती याच गोष्टीसाठी. पौलालाही त्याचा राग आल्याचे कुठे लिहिलेले नाही. प्रेषिताचे बोलणे पडताळून पाहायची मुभा ज्या धर्मग्रंथाने दिली, तो मानणाऱ्यांनी आमदाराचे, आयुक्ताचे किंवा पंतप्रधानांचे बोलणे पडताळू नये, हे मला समजत नाही. शिवाय आपल्याकडे एक तयार सवय आहे. आठवड्यातून एकदा तासभर शांत बसून मजकूर ऐकायचा, त्यावरचे विवेचन ऐकायचे, आणि मराठी, कोकणी, मल्याळी, तमिळ अशा सगळ्यांनी एकाच बाकावर बसायचे. धावत्या शहरात असे बसणारे लोक आता फार थोडे उरले आहेत.

पनवेलला 1852 साली नगरपालिका मिळाली. 1 ऑक्टोबर 2016 रोजी ती महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. मे 2017मध्ये पहिली निवडणूक झाली, जुलै 2022मध्ये मुदत संपली, आणि पुढचे मतदान व्हायला जानेवारी 2026 उजाडला. मधली साडेतीन वर्षे प्रशासकाची होती. प्रस्ताव मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. यात एखाद्या अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. राज्यभर तेच चालले होते. पण साडेतीन वर्षे सभागृह नव्हते याची बोच किती जणांना जाणवली? मालमत्ता कराचा प्रश्न पेटला तेव्हा थोडी जाणवली. सिडकोला सेवाशुल्क भरणाऱ्या वसाहतींना 2016पासूनचा मागील कर लावला गेला, रहिवाशांनी दुहेरी कर म्हणून विरोध केला, आणि वाद हायकोर्टापर्यंत गेला. अशा वादात आवाजाला फार किंमत नसते. कुठली सेवा कोणत्या तारखेला कुणाकडे हस्तांतरित झाली, ठराव क्रमांक काय, पावत्या कुठे आहेत, यावर सगळे ठरते. तेव्हा पहिली सूचना अगदी घरगुती आहे. सोसायटीत एक फाइल करा आणि तिच्यात पालिका, सिडको, महावितरण यांचा प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावा. हे काम एखाद्या निवृत्त काकांवर सोडू नका, दोघांकडे द्या.

आता सुरुवात कशी करायची ते सांगतो. पाच-सहा जण पुरेत. मिस्सा किंवा उपासना संपल्यावर महिन्यातून एकदा तासभर बसा. शेजारच्या सोसायटीतल्या हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजाऱ्यांनाही बोलवा. नळाला पाणी सगळ्यांच्याच येत नाही. सर्वांनी मिळून वर्षभरासाठी एकच विषय निवडा. एका वेळी सात विषयांवर संतापणारा माणूस कुठल्याच विषयावर टिकत नाही, आणि सत्तेतल्या माणसाला हे पक्के ठाऊक असते. सोमवारी एक वाद, बुधवारी दुसरा, शुक्रवारी तिसरा अशी रोज नवी खळबळ सोडली की लोकांचे लक्ष आपोआप उडते. तुम्ही मात्र तुमच्या विषयावरून हलू नका. प्रभागातली कचरा वाहतूक घ्या, एखादी रखडलेली शाळा घ्या, पालिकेच्या अंदाजपत्रकातले एक शीर्ष घ्या, किंवा एखादे विधेयक घ्या.

कागद मिळवणे वाटते तितके अवघड नाही. राज्य सरकारने नोव्हेंबर 2018मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. जाताना दोघे जा, वही न्या, आणि काय पाहायचे ते नेमके ठरवून जा. 'रस्त्याची फाइल दाखवा' असे म्हटले तर दिवस फुकट जाईल. कामाचे नाव, वर्ष आणि कार्यादेश अशी मागणी केलीत तर समोरच्या कारकुनालाही शोधायला सोपे जाते. त्याच्याशी सौजन्याने बोला. तो तुमचा विरोधक नाही, आणि पुष्कळदा ऑफिसात काय चुकते आहे हे त्यालाच सर्वांत आधी कळलेले असते.

तिथे काम झाले नाही तर माहितीचा अधिकार आहेच. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. उत्तराला 30 दिवस. नाही आले, किंवा अर्धवट आले, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील, आणि तिथेही निराशा झाली तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. अर्जात 'का' विचारू नका. 'का' या प्रश्नाला 'ही माहिती अभिलेखात नाही' असे उत्तर येते. 'अमुक तारखेच्या सभेच्या इतिवृत्ताची साक्षांकित प्रत द्यावी' असे लिहा. महापालिकेच्या हद्दीबाहेर, पनवेल तालुक्यातल्या गावांत राहत असाल तर ग्रामसभा हे तुमचे हक्काचे ठिकाण. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. त्या महिला सभेला गावातल्या बायकांनी खरोखर जमावे, नुसत्या सह्यांचे रजिस्टर घरोघर फिरू देऊ नये.

विधेयक वाचायला लोक घाबरतात. भाषा किचकट असते हे खरे, पण पाच प्रश्न हाताशी ठेवले की बरेच उलगडते. निर्णय कोण घेणार? त्याच्याविरुद्ध दाद कुणाकडे आणि किती दिवसांत मागायची? कुठल्या शब्दाची व्याख्या सैल ठेवली आहे? ज्याच्यावर कारवाई होईल त्याला कारणे कळवली जाणार का? आणि हा अधिकार कधी संपणार?

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचे उदाहरण ताजे आहे. ते प्रथम जुलै 2024मध्ये आले, डिसेंबरमध्ये पुन्हा मांडले गेले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने 1 एप्रिल 2025पर्यंत सूचना मागवल्या, आणि बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. मूळ मसुद्यात 'व्यक्ती आणि संघटना' असा सर्वांना कवेत घेणारा शब्दप्रयोग होता. तो बदलून कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांपुरती शब्दरचना करण्यात आली. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे नसावा, असाही बदल झाला. 10 जुलै 2025ला विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने ते मंजूर केले. माझे मत विचाराल तर या बदलांनंतरही त्यात अधिकार फार आणि आवर कमी आहे, आणि 'कडवे' कोण हे सरकारनेच ठरवायचे हा त्यातला मोठा धोका आहे. पण शब्द बदलले ते मसुदा वाचून सूचना पाठवणाऱ्यांच्या रेट्यामुळे, हे नाकारता येणार नाही. व्हॉट्सअॅपवर त्या विधेयकाबद्दल जितके फॉरवर्ड फिरले, त्यातला एकही समितीच्या टेबलावर पोचला नाही. पुढच्या वेळी सूचना मागवल्या गेल्या की तुमच्या पाच जणांच्या गटाने एक तरी पाठवावी: कलम क्रमांक, आक्षेप, पर्यायी शब्दरचना. एक पान पुरे.

आता आपल्या घरात डोकावू. नगरसेवकाला हिशेब विचारायचा आणि चर्चच्या हिशेबाबद्दल मात्र 'फादर बघतील', 'पास्टर म्हणतात ते खरे' म्हणून सोडून द्यायचे, हे जमायचे नाही. भाविकांचे लक्ष नसले की धर्मगुरूही एकतंत्री होऊ शकतो. त्याला घडवणारे बहुतेक वेळा आपणच असतो. 'जी फादर' म्हणत म्हणत वर्षानुवर्षे सगळ्या जबाबदाऱ्या त्याच्या खांद्यावर टाकतो आणि मग तो कुणाला विचारत नाही म्हणून कुजबुजतो.

कॅथलिक वाचकांनी हे जाणून घ्यावे की 1983च्या कॅनन लॉमध्ये याची तरतूद आहे. कलम 212 भाविकांना चर्चच्या भल्यासंबंधीचे आपले मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क देते आणि प्रसंगी ते कर्तव्यही मानते. कलम 537नुसार प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असलीच पाहिजे. कलम 1287 सांगते की भाविकांनी जे दान दिले त्याचा हिशेब भाविकांना द्यावा. तेव्हा पुढच्या वेळी वित्त समितीत कोण आहेत, त्यांची नेमणूक कधी झाली, वर्षाचा हिशेब सूचनाफलकावर कधी लागेल, हे विचारा. फादरांना एकट्याने गाठून, चार लोकांत न ओरडता, पण लेखी विचारा. बहुतेक फादर आनंदाने उत्तर देतील. कुणीतरी विचारले याचेच अनेकांना बरे वाटते.

स्वतंत्र मंडळ्यांमध्ये काळजी जास्त घ्यावी लागते, कारण तिथे वर बिशप नाही आणि धर्मप्रांतही नाही. पास्टर, त्यांची पत्नी आणि मेहुणा असे तिघे विश्वस्त असतील तर दशमांश कुठे जातो हे कोण पाहणार? मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर 1950च्या कायद्याखाली तिचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल व्हावे लागतात आणि विश्वस्त बदलले की बदल अहवाल द्यावा लागतो. ते पाहायला मागा. 'देवाने अभिषेक केलेल्याला प्रश्न विचारू नये' असे कुणी व्यासपीठावरून सांगितले तर शमुवेलाचे दुसरे पुस्तक, बारावा अध्याय उघडा. दावीद राजा अभिषिक्तच होता, आणि नाथान संदेष्टा त्याच्या समोर उभा राहून बोलला.

पुढाऱ्यावरच्या श्रद्धेची किंमत काय पडते, हे पनवेलकरांना वेगळे सांगायला नको. कर्नाळा नागरी सहकारी बँकेत इथल्या भाजीवाल्यापासून निवृत्त शिक्षकापर्यंत सगळ्यांचे पैसे होते. अध्यक्ष माजी आमदार, लोकांत उठबस असलेले, अडल्यानडल्याला धावणारे. बनावट कर्जखात्यांतून 500 कोटींहून अधिक रक्कम वळवल्याचा तपास यंत्रणांचा आरोप पुढे आला, जून 2021मध्ये अध्यक्षांना ईडीने अटक केली आणि ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. ठेव विम्याचे संरक्षण पाच लाखांपर्यंत होते; त्यावर रक्कम असलेल्यांनी काय सोसले ते त्यांनाच विचारावे. दोष ठेवीदारांचा नाही. पण सहकारी बँक असो, पतपेढी असो, गृहनिर्माण संस्था असो, वार्षिक सभेला जाणे, लेखापरीक्षकाचा अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचणे आणि त्यातल्या शेऱ्यांबद्दल उभे राहून विचारणे, हे सभासदाच्या हातात असते. सहकार कायद्याच्या कलम 32ने सभासदाला काही कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. सभेत अहवालाच्या बारीक अक्षरातल्या पानांवरून प्रश्न विचारणारी एखादी बाई उठली की लोक घड्याळे बघू लागतात. त्या बाईला पाठिंबा द्या. 'मलाही याचे उत्तर हवे आहे' एवढे म्हटले तरी व्यासपीठावरची हवा बदलते.

इथवर सगळे सोपे होते. आता भीतीबद्दल लिहायला हवे, कारण पनवेल तालुक्यातच तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे.

फादर स्टॅन स्वामी हे येशूसंघीय धर्मगुरू. झारखंडमधल्या आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांवर आणि तुरुंगात खितपत पडलेल्या तरुणांच्या खटल्यांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. 8 ऑक्टोबर 2020 रोजी एनआयएने त्यांना भीमा कोरेगाव प्रकरणात यूएपीएखाली रांचीतून अटक केली आणि तळोज्यात आणून ठेवले. वय 83, कंपवाताने हात थरथरणारे. पेला धरवत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा, असा अर्ज त्यांनी 6 नोव्हेंबरला विशेष न्यायालयात केला. यंत्रणेने उत्तरासाठी 20 दिवस मागितले आणि 26 नोव्हेंबरला सांगितले की त्या वस्तू आपल्याकडे नाहीत. देशभरातून लोकांनी तळोजा तुरुंगाच्या पत्त्यावर सिपर पाठवले. मार्च 2021मध्ये जामीन नाकारला गेला. मे अखेरीस हायकोर्टाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवले आणि 5 जुलै 2021ला, जामिनाचे अपील सुनावणीला असतानाच, ते गेले. खटला उभाच राहिला नव्हता.

या मृत्यूसाठी आपण मेणबत्त्या लावल्या, प्रार्थना केल्या, आणि त्या करायलाच हव्या होत्या. माझे म्हणणे इतकेच की आपल्या चर्चपासून काही किलोमीटरवर हे घडत होते तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी न्यायालयाचा एक तरी आदेश मुळातून वाचला? टीव्हीवर 'शहरी नक्षल' हा शब्द ऐकून काहींनी मान डोलावली, काहींनी हळहळून विषय बदलला. हायकोर्टाचे आणि जिल्हा न्यायालयांचे आदेश आता संकेतस्थळांवर मिळतात. प्रकरण क्रमांक माहीत असला की तारखा कळतात. एखाद्या प्रकरणाबद्दल मत बनवायचे असेल तर आधी आरोप काय आहे, पुरावा काय सांगितला आहे, आरोपीचे उत्तर काय आहे आणि किती महिने खटल्याशिवाय गेले, एवढे चार मुद्दे लिहून काढा. मग बोला. आरोपी आपला असो वा परका, पद्धत तीच ठेवा. तुरुंगातला माणूस आपल्या धर्माचा असला तरच आपण कागद वाचणार असू, तर आपल्या वाचण्याला फारसा अर्थ उरणार नाही.

'आपण मूठभर, गप्प राहिलेले बरे' हे वाक्य आपल्या घरांत फार ऐकू येते. आफ्रिकेतल्या मलावी देशात कॅथलिक बिशप होते फक्त सात. हेस्टिंग्ज बांडा तिथे तहहयात अध्यक्ष होते आणि पक्ष एकच होता. 8 मार्च 1992, प्रायश्चित्तकाळातला पहिला रविवार. त्या दिवशी देशातल्या सर्व कॅथलिक चर्चमध्ये सातही बिशपांच्या सहीचे पत्र एकाच वेळी वाचले गेले. त्यात दवाखान्यातल्या गर्दीबद्दल, मजुरीबद्दल, शाळांच्या घसरलेल्या दर्जाबद्दल, लाचखोरीबद्दल आणि खबऱ्यांच्या भीतीने गप्प झालेल्या माणसांबद्दल लिहिले होते. लोकांनी रोज पाहिलेलेच सगळे, फक्त कुणी मोठ्याने वाचले नव्हते. सरकारने ते पत्र जवळ बाळगणे गुन्हा ठरवले, बिशपांची चौकशी केली. तरी प्रती हातोहात फिरल्या, विद्यार्थी रस्त्यावर आले, जून 1993मध्ये सार्वमत झाले आणि लोकांनी एकपक्षीय राजवट नाकारली. पुढच्या वर्षी बांडा निवडणूक हरले. त्या पत्राची ताकद त्याच्या तपशिलात होती. तुमचा गट काही लिहील तेव्हा 'लोकशाही धोक्यात आहे' असे मोघम लिहू नका. अमुक प्रभागातला दवाखाना अमुक महिन्यापासून डॉक्टरविना आहे, असे लिहा.

फिलिपाइन्सचे उदाहरण मतदानाशी जोडलेले आहे. फेब्रुवारी 1986मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी घेतलेल्या निवडणुकीत नॅमफ्रेल या नागरिक संघटनेचे स्वयंसेवक केंद्राकेंद्रावर बसले. मतपेट्या पळवू नयेत म्हणून नन्सनी हातात हात गुंफून साखळी केली. सरकारी मोजणी केंद्रातल्या तीसहून अधिक संगणक कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले की त्यांच्या पडद्यावरचे आकडे आणि फलकावरचे आकडे जुळत नाहीत. ते उठले, बाहेर पडले आणि बाक्लारानच्या चर्चमध्ये आश्रयाला गेले. काही दिवसांतच मार्कोस यांना देश सोडावा लागला. आकडे जुळतात का हे पाहणे हेच त्या कर्मचाऱ्यांचे काम होते, आणि त्यांनी ते केले.

आपल्याकडे पनवेल विधानसभा मतदारसंघ मतदारसंख्येने राज्यातल्या मोठ्या मतदारसंघांपैकी आहे. नवे टॉवर उभे राहतात तशी यादी फुगते आणि घोळही वाढतात. प्रारूप यादी लागते तेव्हा आपल्या इमारतीचे, गल्लीचे पान काढून शेजाऱ्यांसोबत वाचा. सोडून गेलेले, वारलेले, दोनदा आलेले, गाळलेले अशा चार खुणा करा. नवे नाव घालायला फॉर्म 6, वगळण्याच्या हरकतीला 7, पत्ता किंवा दुरुस्तीला 8. हरकत खातरजमा करूनच घ्या. भाडेकरू आहे, आडनाव वेगळे आहे, धर्म वेगळा आहे म्हणून कुणाच्या नावावर हरकत घेणे हा दुसऱ्याच्या हक्कावर घाला आहे. विधानसभा आणि लोकसभेच्या मतदानाला कुठल्याही उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसलात तर शेवटी केंद्राध्यक्षाकडून फॉर्म 17सी घेतल्याशिवाय उठू नका. त्या केंद्रावर एकूण किती मते पडली याची ती सही-शिक्क्याची नोंद असते.

चर्चच्या आवारात हे करताना एक मर्यादा काटेकोर पाळा. 1988च्या कायद्याने धार्मिक स्थळांचा राजकीय कामासाठी वापर करायला मनाई आहे, आणि धर्माच्या नावाने मते मागणे हा निवडणुकीतला भ्रष्ट आचार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी 2017मध्ये बहुमताने अधिक व्यापक अर्थाने सांगितले. ते प्रकरण मुंबईच्या सांताक्रूझमधलेच होते. तेव्हा अमक्याला मत द्या, तमक्याला देऊ नका असे वेदीवरून कुणी सांगू नये, आणि कुणी सांगितले तर भाविकांनीच थांबवावे. राजकीय वळण लागू शकेल असा विषय असेल तर बैठक कुणाच्या घरी किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये घ्या. उमेदवारांना बोलवायचेच तर सगळ्यांना बोलवा, तेही चर्चच्या बाहेर. कायद्यापेक्षाही मला दुसरी काळजी वाटते. आज आपल्या बाजूच्या नेत्यासाठी चर्च वापरले की उद्या त्या नेत्याने चुकीचे काही केल्यावर आपले तोंड बंद होते.

मराठी माणसाला या बाबतीत परक्या देशाकडेच पाहावे लागते असे नाही. डिसेंबर 1975मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली; पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. मिनू मसानींनी आपल्या 'फ्रीडम फर्स्ट' या नियतकालिकातला सेन्सॉरने छाटलेला मजकूर मुंबई हायकोर्टापुढे ठेवला आणि फेब्रुवारी 1976मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन करता करता हरित वसईची चळवळ उभी केली, जमिनीवर डोळा असलेल्या बलदंडांच्या समोर, जिवाला धोका असताना. चर्चच्या पायऱ्यांवर बसून गावकऱ्यांनी विकासाचे नकाशे समजून घेतले पाहिजेत, असे मला त्या चळवळीकडे पाहून वाटते. आणि कर्नाळ्याजवळ तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटर आहे. त्याचे संस्थापक डॉ. जी. जी. पारीख 1942च्या चळवळीतले सैनिक, आणीबाणीतले कैदी, 'जनता' साप्ताहिकाचे अनेक वर्षांचे आधार. 2 ऑक्टोबर 2025 रोजी शंभराव्या वर्षी ते गेले. तुमच्या गटातल्या तरुण मुलांना एकदा ताऱ्याला घेऊन जा. गोव्याला जाताना वाटेतच आहे.

प्रश्न विचारणाऱ्यावर दबाव येतो तेव्हा काय करायचे, हे आधी ठरवून ठेवा. निवेदनावर एकाची सही कधीही नको, निदान पाच असाव्यात आणि त्यात वेगवेगळ्या आडनावांची माणसे असावीत. फोनवरून कुणी 'समजावू' लागला तर म्हणा, कृपया लेखी कळवा. प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी तारीख, वेळ, कोण काय म्हणाले हे वहीत उतरवा आणि दोघांनी सही करा. ज्याची नोकरी किंवा धंदा सरकारी परवान्यावर आहे, त्याला पुढे उभे करू नका. तो कागद टाइप करेल, हिशेब तपासेल. एखाद्याला पोलिस ठाण्यात बोलावले तर त्याच्याबरोबर दोघे जातील, आणि कोण जाणार त्यांची नावे आताच लिहून ठेवा. ओळखीचा एक वकील आधीच शोधा. आपल्या मंडळीत तो असतोच, फक्त त्याला असे काम कुणी विचारलेले नसते.

पहिल्या बैठकीला तीन कागद आणा: पालिकेच्या शेवटच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, आपल्या सोसायटीचा मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल, आणि आपल्या चर्चच्या वित्त समितीचा हिशेब. यातला जो कागद मिळाला नसेल, त्याच्या मागणीचा अर्ज त्याच बैठकीत लिहा आणि सोमवारी दुपारी तो देऊन पोच घ्या.